मुख्य गट

जेसीबीचा दात मैदानात घुसला तशी गोदा कळंबटे ओरडली, "सर, त्याला सांगा की जरा बाजूनं! तो माझा कोपरा हाय!"

बाकीच्या मुली हसल्या. श्रीपती भाटकर सरही हसले. पण यंत्रानं तांबड्या मातीचा पहिला घास उचलून ट्रकमध्ये टाकला, तेव्हा हसणं थांबलं.

कॉलेज रत्नागिरीच्या वर, सड्यावर. चहूकडे उघडा कातळ. त्या कातळावर कबड्डीचं मैदान उभं केलं होतं ते भाटकर सरांनी. खालच्या शेतांच्या बांधांवरून माती आणायची, चाळायची, पाणी मारून रोलर फिरवायचा. मुलींच्या तुकड्या आल्या आणि गेल्या, पण प्रत्येकीनं डोक्यावरून पाट्या वाहिल्या होत्या. त्या मातीत तयार झालेला मुलींचा संघ गेली नऊ वर्षं विद्यापीठाच्या कोकण गटात पहिला येत होता.

"मग आता खेळायचा कुठं सर?" गोदानं विचारलं.

"एक पावसाळा कळ काढा. पुढच्या दिवाळीत हॉलमध्ये खेळायचं. मॅटवर!"

२००३ची दिवाळी नुकतीच झाली होती.

कोकण गटात पहिलं येऊन मिळायचं काय, तर मुंबईला जाऊन एक सामना. रात्रभर एसटीत अवघडून बसायचं आणि सकाळी सुजल्या पायांनी मुख्य गटातल्या एखाद्या तगड्या कॉलेजसमोर उभं राहायचं. हरलं की संध्याकाळची परतीची गाडी. मुख्य गटातल्या कॉलेजांना मात्र हंगामभर सामने असत. निवड समितीची माणसं तिथं येऊन बसत. रेल्वेत, पोलिसात मुली घेतल्या जात त्या तिथूनच. सरांच्या चांगल्या चांगल्या खेळाडू लग्न होऊन गेल्या. एकजण भेटली ती आंब्याच्या पेट्या भरताना. सरांना पाहून ती उठून उभी राहिली आणि त्यांनाच शरमल्यासारखं झालं.

मुख्य गटात शिरायचं तर कॉलेजला स्वतःचा बंदिस्त हॉल हवा, मॅट हवी, पाहुण्या संघासाठी खोल्या हव्यात, असा विद्यापीठाचा नियम. संस्थेच्या अध्यक्षांनी स्नेहसंमेलनात माईक हातात घेऊन जाहीर केलं, "हॉल मी बांधतो. भाटकर सर, तुम्ही संघ आत घाला." त्या दिवशी सर घरी आले ते चपला काढायच्या आधी लीलाताईंना हाक मारतच. बाई पोळ्या टाकून बाहेर आल्या. नवऱ्याचं तोंड असं उजळलेलं त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात एका दुपारी गोदा आणि तिचे वडील सरांच्या घरी आले. महिपत कळंबटे कुरतडे गावचा, दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला. खुर्चीवर बसा म्हटलं तरी तो उंबऱ्याजवळच टेकला.

"सर, मुंबयच्या कालेजातून फोन आलाय. डिसेंबरात हिचा खेळ बगितला म्हनं त्यांनी. पोरगी द्या म्हनतात. फी नाय, ऱ्हायचा-जेवायचा बी त्यांचाच. मना त्यातला काय कळतंय? तुमी सांगाल तसा."

कॉलेज मुख्य गटातलं होतं. सरांना ते नाव चांगलंच ठाऊक होतं. गोदा भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. तिच्यासारखा कोपरा सांभाळणारी मुलगी त्यांनी उभ्या हयातीत पाहिली नव्हती. चढाईला आलेलीला ती अगदी आत येऊ द्यायची आणि मग असा घोटा धरायची, की ती तिथंच बसायची. ती गेली की संघातलं अर्धं बळ गेलं. पण सरांच्या मनात तेवढंच नव्हतं. हॉल होणार, मुख्य गट मिळणार, यावर त्यांचा खरोखरच विश्वास होता.

"महिपतराव, पुढच्या वर्षी आपलंच कॉलेज मुख्य गटात असणार," सर म्हणाले. "घर सोडून पोरीला लांब कशाला धाडायची? तिथं नवी म्हणून बाकावर बसवतील. इथं ती कर्णधार आहे."

महिपतनं मुलीकडे पाहिलं. "काय गो?"

"मॅटवर खेळायला मिळंल ना सर?" तिनं विचारलं.

"मिळणार म्हणजे मिळणार."

"मग नको मुंबय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा मान वर करून हसली.

दोघं पाणंदीच्या वळणाला दिसेनाशी झाल्यावर लीलाताई म्हणाल्या, "पोरीला जाऊ द्यायचं होतंत."

"का?"

"तुमच्या हॉलचा अजून पायासुद्धा भरलेला नाही."

"तुला काय कळतं त्यातलं?" सर खेकसले. असं ते बायकोशी कधी बोलत नसत. संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा करून तिच्यापुढं ठेवला, पण विषय काढला नाही.

पावसाळा आला. मैदान होतं तिथं खोल खड्डा, खड्ड्यात कमरेएवढं पाणी. लोखंडाच्या उभ्या सळ्या गंजून लाल झाल्या. दिवाळीच्या सुमाराला अध्यक्ष निवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्यानंतर ते कॉलेजकडे फिरकेनात, ठेकेदारही येईना. प्राचार्यांना विचारलं की म्हणायचे, "चालू होईल हो, तुम्हालाच काय ती घाई."

मुली कॅन्टीनमागच्या कातळावर सराव करू लागल्या. सरांनी वर पेंढा पसरला, पोती अंथरली. पळताना पोती सरकायची, मुली आपटायच्या. गुडघे-कोपरं सोलपटली. एकीच्या आईनं येऊन सरांना चांगलंच सुनावलं आणि मुलीला हाताला धरून घेऊन गेली. मग आणखी दोघी बंद झाल्या.

"पकड करायची तर पडाया हवा ना सर?" गोदा एकदा म्हणाली. "इथं पडायचाच भ्या वाटतंय. समोरची आली की आदी खाली बगितला जातंय."

सरांना ते दिसतच होतं. घोटा धरायला झेपावणारा तिचा हात मध्येच आखडायचा. माती असती तर आखडला नसता. त्यांनी प्राचार्यांना गाठून शेजारच्या शाळेचं मैदान मागितलं. शाळेनं रविवार सकाळ दिली आणि दोन रविवारांनंतर तीही काढून घेतली.

त्या हिवाळ्यात चिपळूणला संघ उपांत्य सामन्यातच हरला. ज्या कॉलेजला मुली दरवर्षी हसतखेळत हरवायच्या, त्यांच्याकडून. परतीच्या एसटीत मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपल्या. गोदा जागी होती. हातखंबा मागे पडल्यावर ती सरांच्या शेजारी येऊन बसली.

"सर, मुंबयला फोन करून बगूया?"

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या बूथवरून सरांनी फोन लावला. पलीकडचा माणूस सज्जन होता. "अहो, जूनमध्ये आम्ही महिनाभर वाट पाहिली तिची," तो म्हणाला. "आता जागा भरली. आणि तिचं शेवटचं वर्ष येणार म्हणजे पुढं तरी काय करणार आम्ही?" गोदा बूथच्या काचेबाहेर उभी होती. सर बाहेर आले तसं तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता स्टँडच्या दिशेनं चालू लागली.

पुढच्या वर्षी सात मुली जमल्याच नाहीत, तेव्हा संघ पाठवायचा प्रश्नच उरला नाही. तरी गोदा रोज संध्याकाळी यायची. ती, सर आणि नुकत्याच आलेल्या दोन कच्च्या पोरी. सर शिट्टी वाजवायचे, ती पोरींना उभं कसं राहायचं ते दाखवायची. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरांनी मनाशी म्हटलं, परीक्षा जवळ आली असेल.

उन्हाळ्यात ती त्यांना मिरजोळ्याच्या स्टॉपवर भेटली. पायात गमबूट, हातांची कातडी बर्फाच्या पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. कोळंबी सोलायच्या कंपनीत लागली होती.

"पेपर दिलेस ना?"

"दिले सर."

"हॉलचं काम पुन्हा सुरू झालं," ते म्हणाले. "पत्रे चढले वर."

"हो? बरा झाला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना हलकं वाटलं असतं. बस आली आणि ती चढून गेली.

हॉल पुरा झाला तो २००६च्या अखेरीला. अध्यक्षांना पुन्हा निवडणूक दिसू लागली होती. निळी-पिवळी मॅट आली, झगझगीत दिवे आले, पाहुण्या संघासाठी आरशांच्या खोल्या झाल्या. सरांनी पहाटे उठून मॅट स्वतः ओल्या फडक्यानं पुसली. जानेवारीत विद्यापीठाची समिती पाहणीला आली.

समितीचे प्रमुख हसतमुख गृहस्थ होते. हॉलभर फिरले, बूट काढून मॅटवर उड्या मारून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. "वा! मुंबईत आमच्या कॉलेजात असा हॉल नाही," ते म्हणाले. अध्यक्षांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चहा आला. कपात बिस्कीट बुडवता बुडवता प्रमुखांनी सहज विचारलं, "कोकण गटात तुम्ही शेवटचे कधी जिंकलात?"

"सलग नऊ वर्षं, सर," भाटकर म्हणाले. "२००३पर्यंत."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर... त्यानंतर हॉलचं काम निघालं."

प्रमुखांनी कप खाली ठेवला. "अडचण आहे मग. मागच्या वर्षी नवीन अट आलीय. काही संस्थांनी नुसते हॉल बांधले, संघ कुठंच नाहीत. म्हणून गेल्या तीन हंगामांत एकदा तरी आपल्या गटात पहिलं यायला हवं, असं ठरवलंय."

"अहो, पण मैदान तर ह्याच हॉलखाली गेलं!" सर उभे राहिले. "तुम्ही हॉल मागितलात म्हणून आम्ही मैदान खणलं. पोरी दगडावर खेळल्या साहेब, दगडावर! गुडघे फुटेपर्यंत खेळल्या. हॉल नसता बांधला तर आजसुद्धा आम्हीच पहिले होतो!"

प्राचार्य खिडकीबाहेर पाहू लागले.

"मला कळतंय," प्रमुख हळू आवाजात म्हणाले. "पण नियम काही मी एकट्यानं केलेला नाही. पुन्हा जिंका तुम्ही. पुन्हा अर्ज करा. हॉल काही पळून जात नाही."

"बसा भाटकर, बसा," अध्यक्ष म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळले. "चला, जेवून घेऊ. सुरमई मुद्दाम सांगून ठेवलीय."

सर जेवायला गेले नाहीत. सगळी माणसं निघून गेल्यावर ते मॅटच्या कडेला बसून राहिले. लीलाताईंनी संध्याकाळी विचारलं, "काय झालं?" सरांनी सांगितलं. जेवताना त्यांनी नवऱ्याच्या भातावर कढी वाढली आणि नंतर कितीतरी वेळ पळी हातात धरून तशाच बसल्या.

पुन्हा जिंका, म्हणे. खेळणाऱ्या मुली कुठून आणायच्या? गावागावांतून पोरी यायच्या त्या थोरल्या बहिणीला, शेजारणीला खेळताना पाहून. ती साखळीच तुटली होती. ज्या चार हातपाय हलवणाऱ्या होत्या, त्या आता चिपळूणला प्रवेश घेत. मॅटवर सरांनी वर्षभर डोकं आपटलं. संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. मग प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, हॉलची देखभाल परवडत नाही, लग्नसराईत तो भाड्यानं द्यायचं संस्थेनं ठरवलंय. मॅट गुंडाळून आरशांच्या खोल्यांत गेली. मंडपवाल्यांनी भिंतीला खिळे मारू नयेत म्हणून लग्नाच्या दिवशी हॉलवर थांबायचं काम सरांकडे आलं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. ते नाही म्हणाले नाहीत.

२००८च्या मेमध्ये असंच एक लग्न होतं. अक्षता पडल्या, बेंजो थांबला, माणसं जेवणाकडे वळली. सर दाराशी उभे होते. गर्दीतून एक बाई जरीची साडी सावरत त्यांच्याकडे आली आणि वाकली. ती पाया पडून उठल्यावर त्यांनी ओळखलं. गोदा. अंगानं जरा भरली होती, कपाळावर मोठं कुंकू.

"सर, बरे आहात ना? बाई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत. तू कशी आहेस गो?"

"मजेत. नवऱ्यामुलाची मामी लागते मी. पालीला दिलीय ना मला."

तेवढ्यात तिचा नवरा मागून आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. चांगला सालस माणूस दिसत होता.

"हे कोण गो?"

"आमचे सर. कॉलेजातले."

"हो? नमस्कार सर." त्यानं घाईनं हात जोडले. "काय शिकवायचात?"

गोदा काही बोलायच्या आत सर बोलून गेले होते. "कबड्डी."

नवऱ्यानं आश्चर्यानं बायकोकडे पाहिलं. "तू कबड्डी खेळायचीस? कधी बोलली नायस ती!"

गोदा हसली. पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग सरांकडे पाहिलं. फक्त एकदाच. सर बावीस खेड्यांतल्या मुलींचे चेहरे वाचत म्हातारे झाले होते. त्यांना समजलं.

"हिचं काय," ते नवऱ्याला म्हणाले, "मैत्रिणींबरोबर यायची कधीमधी. बघायला."

"तेच म्हनतो!" नवरा मोठ्यानं हसला. "ही आनि कबड्डी! चल गो, पंगत बसतेय."

गोदानं पुन्हा वाकून नमस्कार केला. या खेपेला तिचे हात सरांच्या पायांवर जरा जास्त वेळ राहिले. मग ती उठली आणि नवऱ्याच्या मागोमाग गर्दीत शिरली. पंगतीतल्या बायकांनी सरकून जागा केली. तिनं साडीच्या निऱ्या चापून घेतल्या, पानावर पाण्याचा हात फिरवला आणि वाढपी येण्याची वाट पाहत मान खाली घालून बसली.