दोन बोटांनी हुकलेला शनिवार

मित्रांनो, मी लोखंडी साखळी. बरोबर दहा यार्ड लांब आणि दोन टोकांना दोन नारिंगी काठ्या. नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजच्या फुटबॉल मैदानाच्या कडेने माझं सगळं आयुष्य गेलं. आमचा फुटबॉल हातात घेऊन पळायचा असतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. अगदीच अटीतटीचं झालं, की पंच मला मैदानात बोलावतात. मग मी सांगेन तोच निकाल!

कॉलेजच्याच वेल्डिंगच्या वर्गात माझी कडी न् कडी जोडली गेली. संघ जिंकायचा त्या काळात लहान मुलं मला नुसता हात लावायला धडपडायची. पुढे दिवस फिरले. भिजलेल्या सामन्यांनंतर मला कुणी पुसेना. बादलीत पडून पडून मी गंजले.

यंदाचा हंगाम तर विचारूच नका. ओळीने नऊ सामने हरलो. साठ मुलांचा संघ सव्वीसवर आला. कॉलेजने प्रशिक्षक ड्वोराक यांना बजावलं, की शेवटच्या सामन्यानंतर निदान वीस जणांनी पुढच्या वर्षासाठी नाव दिलं नाही, तर संघच बंद.

शेवटचा सामना शनिवारी होता, एकही सामना न हरलेल्या शेजारच्या कॉलेजशी. माझी पुढची काठी धरली होती निवृत्त पोस्टमन व्हर्लिन यांनी आणि मागची डार्लीनबाईंनी. त्या शाळेची बस चालवतात आणि जीभही तशीच चालवतात.

"अहो बाई, ती साखळी घरी ठेवा! आमच्या पोरांना तिचं काय काम?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"तुझ्या तोंडाला बांधायला आणलीय!" डार्लीनबाईंनी तिथल्या तिथे परतवलं.

आणि काय सांगू, त्या दिवशी आमची पोरं पेटलीच! केलन नावाचा आमचा कर्णधार वाऱ्यासारखा पळत होता. पलीकडचे पहाडासारखे गडी धडाधड खाली येत होते. लोक हातातला चिली नावाचा राजमा-खिम्याचा रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल विसरून बाकांवर चढले. शेवटचं एक मिनिट उरलं, तेव्हा ते वीस आणि आम्ही सतरा. चेंडू आमच्याकडे, पण हा चौथा प्रयत्न, आणि अजून दोन यार्ड हवे होते.

केलन चेंडू पोटाशी धरून घुसला. त्याच्यावर माणसांचा ढीग पडला. ढीग उपसला, चेंडू दिसला, आणि पंचांनी हात केला. साखळी आणा!

मी मैदानात धावले, मित्रांनो! कड्या खणखणत होत्या. डार्लीनबाईंनी मागची काठी पहिला प्रयत्न सुरू झाला त्या खुणेवर रोवली. आता व्हर्लिन मला ताणणार, तोच सेफो त्यांच्या कानाशी वाकला. सेफो आमचा सगळ्यात दांडगा खेळाडू. समुद्राकाठचा मुलगा, इथली थंडी आणि हे हरणं सोसवेना म्हणून त्याने आदल्या दिवशीच घरी परतायला सामान बांधलं होतं.

"आजोबा, जरा सैल धरा ना, काठी थोडी अलीकडे रोवा! कोणाला कळतंय?"

व्हर्लिन यांनी चेंडूकडे पाहिलं, मग सेफोकडे.

"मला कळेल, पोरा," ते म्हणाले, आणि त्यांनी मला कडकडून ताणलं.

चेंडू दोन बोटं मागे होता. फक्त दोन बोटं!

चेंडू त्यांच्याकडे गेला आणि सामना संपला. दहाव्यांदा हरलो. पण बाकांवरून कोणी उतरेना. टाळ्या थांबेचनात. डार्लीनबाई तर मागची काठी झेंड्यासारखी नाचवत होत्या.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर ड्वोराक यांनी टेबलावर नावं लिहायला कोरा कागद ठेवला आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी त्याच टेबलाखाली बादलीत होते, आणि मला उचलून आणणारे व्हर्लिन आणि डार्लीनबाई शेजारीच उभे होते. दार उघडलं. पहिला बाहेर आला तो सेफो. टेबलाजवळ थांबला. व्हर्लिन यांच्याकडे बघून म्हणाला, "आजोबा, तुमचा राग आलाय मला."

"येऊ दे की."

"दोन बोटं म्हणजे किती हो? नीट दाखवा."

व्हर्लिन यांनी बोटं जोडून दाखवली. सेफोने त्यांच्या बोटांवर आपली दोन बोटं ठेवून पाहिली.

"एवढंच कमी पडलं?" तो म्हणाला. "एवढ्यासाठी मी घरी चाललो होतो?"

त्याने खाली वाकून मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. मागून केलन आला. मग एकेक जण येतच राहिला. डार्लीनबाई मोठ्याने मोजत होत्या. वीस झाले तेव्हा त्या किंचाळल्या, आणि सव्विसाव्याला ड्वोराक यांनी एकदाचं भिंतीकडचं तोंड फिरवलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

मित्रांनो, वापरून झालं की मला पुसा, तेल द्या, ओल्या बादलीत टाकू नका. आणि तुम्ही कितीही हरत असलात, तरी मला सैल धरू नका.