दहावी ट्रंक

"दर वेळी मला खिडकीखालीच ठेवता. पाठ भाजते," दहा नंबरची ट्रंक कुरकुरली.

मी शेजारीच कांदा चिरत बसले होते. आवाज यांचाच होता, म्हणून उठून ट्रंक हातभर सावलीत ओढली.

"आता?"

"आता बरंय."

हे म्हणजे माझे यजमान, नायब सुभेदार हणमंत शेडगे. लग्नाला चौदा वर्षं झाली, बदल्या आठ. फौजी माणसाचं घर म्हणजे त्याच्या ट्रंका. काळ्या रंगाच्या, वर पांढऱ्या अक्षरांत नाव, नंबर, आणि एकूण कितीतली ही कितवी तो आकडा. आमच्या नऊ होत्या. तिखटमीठ चारमध्ये, देव पाचमध्ये, आणि स्वरूपाची सहा शाळांची प्रगतिपुस्तकं सातमध्ये. पोरगी बारा वर्षांची. कुठल्याही वर्गात पहिल्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

या वेळी यांची बदली वर, बर्फात झाली. तिथं बायकामुलांना नेता येत नाही. आम्ही मायलेकी खाली छावणीतल्या क्वार्टरात राहिलो. महिन्याभरानं दोन जवान दहावी ट्रंक घेऊन आले. तिला कुलूप होतं, किल्ली नव्हती.

"वहिनी, सामान आहे," एक जण म्हणाला आणि पंख्याकडे बघत राहिला. दुसऱ्यानं पाणी मागितलं. दिलं, तर प्यायला नाही. ट्रंकेबरोबर आलेला कागद मी एकदा वाचला आणि पाचमध्ये, देवांखाली ठेवला.

ट्रंकेवर यांचं नाव होतं, आकडा नव्हता. मी रंगाचा डबा काढला आणि लिहिलं, १०/१०. मग बाकीच्या ट्रंकांवरचे नऊ खोडून दहा करायला बसले. आकडा जुळला की फौजेत कुणी पुढचं विचारत नाही. पण चूक झाली ती इथंच. एकदा बिऱ्हाडात धरलं की सामान बिऱ्हाडासारखं वागतं, आणि बिऱ्हाड कधी कमी झालेलं मी पाहिलेलं नाही.

शेजारच्या देवकाते वहिनी आल्या तेव्हा रंग ओलाच होता. त्यांनी ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुसरा ब्रश उचलला आणि सहापासून नऊपर्यंतच्या ट्रंका रंगवून टाकल्या. तोंडानं कॅन्टीनमधल्या साबणाबद्दल बोलत होत्या. निघताना म्हणाल्या, "रंग छान बसलाय हो."

त्या गेल्यावर मी ट्रंक मोजली. एक वीत वाढली होती.

नियम मला आठवड्यातच कळला. कुणीतरी यायचं, ते एक वाक्य सोडून बाकी सगळं बोलायचं, आणि ट्रंक वीतभर वाढायची. ते वाक्य कुणी बोललं की ती थांबणार होती. आवाजही थांबणार होता. म्हणून मी सगळ्यांना चहा करत राहिले.

"वर थंडी आहे का हो?" दुपारी मी विचारायची.

"आता नाही."

"जेवलात?"

"भूकच लागत नाही अलीकडे. स्वरूपाची परीक्षा कधी?"

"सोमवारपासून."

"आणि माझा पुढच्या बदलीचा कागद? आला का काही?"

यांनाही कुणी सांगितलेलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, "येईल की. यंदा तूरडाळ फार बेकार आलीय." ट्रंक माझ्या डोळ्यांदेखत दोन विती वाढली.

क्वार्टर तपासायला स्टोअरचा माणूस आला. पंखे दोन, नळ तीन, खुंट्या सात, असं यादीवर खुणा करत गेला. मग त्यानं टेप लावली.

"खोली बारा फूट लिहिलीय. चारच भरतेय."

"ट्रंक आहे ना मध्ये."

"असेल," तो म्हणाला आणि बारावर बरोबरची खूण करून तिरका होऊन बाहेर गेला.

महिला कल्याणाची बैठक त्या महिन्यात माझ्याकडे ठेवली. विषय होता 'प्रसन्न मन, प्रसन्न घर'. अकरा बायका भिंतीला पाठ लावून ओळीनं उभ्या राहिल्या, कारण बसायला जागा नव्हती. भज्यांचं ताट हातोहात शेवटापर्यंत गेलं आणि रिकामं परत आलं. सुभेदारीणबाई ट्रंकेला टेकून म्हणाल्या, "शालन, तुझं घर कसं भरलेलं वाटतं बघ." देवकाते वहिनींनी पदर तोंडाला लावला. वाटलं, आता बोलतात. त्यांनी भज्याची कृती विचारली.

एका संध्याकाळीत ट्रंक अकरा विती वाढली. सगळ्यात शेवटी गेलेल्या बाईला आम्ही आतून ढकलून बाहेर काढलं, आणि मग दार उघडेना.

तेव्हापासून स्वयंपाकघराची भिंत आणि ट्रंक यांच्यामधल्या फटीत आम्ही दोघी उभ्या असतो. स्वरूपा वही पत्र्यावर धरून गणितं करते. लोक खिडकीतून विचारतात, काही हवं का. आम्ही नको म्हणतो. ट्रंक वाढते.

आज सकाळी स्वरूपा म्हणाली, "आई, हात सरळ होत नाहीये."

"वाकडाच ठेव थोडा वेळ."

"श्वास अर्धाच जातोय."

"मग अर्धा घे."

आणि तिनं घेतला. तक्रार नाही, रडणं नाही. मान वळवून, अर्धा श्वास घेऊन ती पुढचं गणित करायला लागली. मी बघत राहिले. मागच्या बाकावर कशी बसत असेल ते मला आजवर कधी दिसलं नव्हतं.

आत हे गुणगुणत होते. चांगल्या मनःस्थितीत होते. मी पत्र्याला तोंड लावलं.

"अहो."

"हं?"

"तुम्ही मेलात. अकरा तारखेला. वरून बर्फ आला. सहा जण होतात."

गुणगुणणं थांबलं. स्वरूपानं पेन्सिल खाली केली. ती माझ्याकडे बघत नव्हती, ट्रंकेकडेही नाही.

मग आतून वर्तमानपत्र फाडल्याचा आवाज आला. एक पान, दुसरं पान. नंतर कपावर कप हलकेच टेकला. हे बदलीचं सामान बांधायला बसले होते.