टपातली परी

माणसानं काम करू नये, पण निदान काम करणाऱ्यांच्या वाटेत तरी उभं राहू नये. आमच्या भाऊजींना तेवढंही कधी जमलं नाही. नवऱ्याचे हे धाकटे भाऊ माझ्या लाँड्रीत गिऱ्हाइकांचे कपडे घ्यायला-द्यायला बसतात; म्हणजे नुसतेच बसतात. आणि गेल्या महिन्यात तर त्यांनी माझ्या धुण्याच्या खोलीत परी आणून बसवली!

दर शुक्रवारी संध्याकाळी दारापासून रस्त्यापर्यंत ही गर्दी. मधोमध टेबलावर एनॅमलचा टप, टपात फिक्या चहासारखं पाणी आणि मागे खळ घातलेला कडक पांढरा सदरा चढवून भाऊजी.

"रुमाल याच लाँड्रीत धुतलेला हवा! परीला घामाचा वास सोसत नाही. नाजूक जात आहे!"

न्हाव्यानं आपला रुमाल बुडवला. बघता बघता पांढऱ्या कापडावर निळी अक्षरं उठली : 'सासू येणार'.

"अरे बापरे! खरंच येणार आहे हो ती!"

तो स्वतःच आठवडाभर आमच्या दुकानात हे रडगाणं गात होता, याची आठवण कुणाला होते? सगळ्यांचे हात जोडलेले. परीसाठी आलेली केळी-बिस्किटं मात्र भाऊजींच्या पोटात जायची.

माझ्याकडे तेव्हा नवी इस्त्रीवाली आली होती, लांबच्या मुलखातली. तिची आठ वर्षांची पोर आमची भाषा तुटकतुटक बोले, म्हणून गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं 'किलबिल'. "आधी नीट बोलायला शीक, मग खेळायला ये!" पोरं म्हणायची. ती बिचारी मळक्या चादरींच्या ढिगावर बसून आपल्या बोलीत एकटीच गप्पा मारायची.

एक दिवस तेही थांबलं.

"बाई, पोर माझ्याशीसुद्धा बोलत नाही हो," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली.

मी पोरीला टेबलावर बसवलं. तिनं झग्यातून परीचा निळ्या अक्षरांचा रुमाल काढला. मी शाळा पाहिली ती बाहेरूनच. एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. 'गप्प राहा. शुक्रवारी माझं पाणी पी. जीभ सरळ होईल.'

"आजी, पाणी पिणार, मग खेळात घेणार!" ती पुटपुटली आणि बोलून गेले म्हणून घाबरून तोंडावर हात दाबला.

माझं डोकं सणकलं. शुक्रवार उद्यावर आला होता. मी तडक धुतलेल्या रुमालांच्या गठ्ठ्याकडे गेले आणि एकेकावरून बोट फिरवलं. अक्षर मला फसवेल, कापड नाही फसवणार. मऊ रुमालात मधेच कडक रेघा! रुमालाला आम्ही कधी खळ घालत नाही. त्यानं नाक पुसायचं की सोलायचं?

साबणाच्या खोक्यामागे हात घातला, तर खळीची वाटी, बारीक ब्रश आणि एक बाटली. बाटलीतला थेंब वाटीत टाकला. खळ निळीशार! बाटली औषधाच्या दुकानात दाखवली, तर कंपाउंडर दचकला. "हे टिंक्चर आयोडीन. जखमेवर लावतात. पोटात घ्यायचं नाही हं, बाई!"

शुक्रवारी भाऊजींनी कप भरला. "आज या पोरीची जीभ सरळ होणार!" पोरीनं कप ओठांपाशी नेला. मी तो हिसकावला आणि टप उचलून पाणी भाऊजींच्या सदऱ्यावर ओतलं. कॉलरपासून बाह्यांपर्यंत माणूस निळा!

"वहिनी! हे काय केलंत?"

"मी कुठे? परी बोलतेय. तुमच्याबद्दल तिला फारच सांगायचंय वाटतं!"

न्हावी आधी हसला, मग सगळी खोली. मी वाटी, ब्रश, बाटली टेबलावर मांडली. "खळीनं लिहायचं, वाळवायचं, औषधाच्या पाण्यात बुडवायचं. संपली परी! अरे, हात जोडायच्या आधी एकदा कापड तरी चाचपून बघा. विचारायला घाबरता, आणि पोरीला विष पाजायला निघता!"

"वहिनी, एवढंसं पाणी... मला काय माहीत..." भाऊजी ओशाळले.

तोवर किलबिलीनं ब्रश उचलला होता. कोऱ्या रुमालावर काहीतरी काढलं, आईच्या इस्त्रीखाली वाळवलं, टपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात सोडलं. निळी परी उमटली, मिशीवाली! हुबेहूब भाऊजी. दारातली पोरं धावली. "मला शिकव! आधी मला!" आणि ती दोन्ही बोली मिसळून भराभरा शिकवायला लागली. इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री तशीच थांबली होती.

मी भाऊजींकडे वळले.

"हा सदरा तुम्हीच धुवायचा, भाऊजी. सोड्याच्या पाण्यात निळं जाईल. आणि उद्यापासून रोज तासभर या पोरीसमोर बसून तिची बोली शिकायची. चुकलात तर ती हसेल, तेही ऐकून घ्यायचं. तिच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. सरळ करायची होती ती तुमची!"