लाल डबी

त्याला सगळे शून्यराव म्हणत. ट्रकांचे वजनकाटे तपासणं हा त्याचा धंदा. कुठल्याही काट्यापाशी गेला की नमस्कार-चमत्काराच्या आधी त्याच्या तोंडून पहिले शब्द निघायचे, "शून्य दाखवा." रिकामा काटा शून्य दाखवत नसेल तर पुढचं सगळं बोलणं फोल, असं त्याचं म्हणणं. मग काट्याचा मालक चहा पाजो की शिव्या घालो.

घरीही तोच कारभार. भाजीवालीच्या तराजूवर विश्वास नाही, डॉक्टरच्या काट्यावर नाही, आणि बायको म्हणायची, "माझ्यावरही नाही. पंचवीस वर्षं झाली, अजून माझी तपासणीच चाललीय." तपासावं असं ज्याच्याबाबत कधी डोक्यातही आलं नाही, असा माणूस एकच. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा. भावजी आणि तो अठरा वर्षांचे भागीदार. काटे शून्यरावाने तपासायचे, कागदपत्रं भावजींनी बघायची. वीस-वीस किलोची पन्नास प्रमाणित वजनं भावजींच्या घराखालच्या खोलीत रांगेने मांडलेली असायची आणि खोलीची किल्ली दोघांकडेही होती.

त्या महिन्यात डोंगराकडच्या मोठ्या खाण कंपनीचं काम निघालं. अकरा काटे, तीन वर्षांचा करार. हे मिळालं तर म्हातारपणापर्यंतची ददात मिटली, आणि नाही मिळालं तर पुन्हा गल्लीबोळातले पिठाच्या गिरणीचे काटे. कंपनीने प्रत्येक उमेदवाराला आपापला दिवस दिला होता. त्या दिवशी खाणीवर जायचं, एक काटा नमुन्यादाखल तपासायचा आणि आकडे, दर सगळं चार वाजायच्या आत कंपनीच्या वेबसाइटवर भरायचं. तेही काट्याजवळ बसूनच, कारण अर्जाबरोबर जागेचीही नोंद जायची. शून्यरावाचा दिवस वीस तारखेचा.

अडचण एकच. त्याच्या फोनची रेंज शहराची वेस ओलांडली की संपायची. म्हणून हॉटस्पॉटची डबी घ्यायचं ठरलं. महिन्याचं बिल नको, आधी पैसे भरा आणि वापरा, असली.

मोबाइलच्या दुकानातल्या बाईंनी काचेवर दोन डब्या ठेवल्या.

"लाल घ्या नाहीतर निळी घ्या. लाल स्वस्त. डेटा भरपूर, तीन महिने चालतो. निळी महाग, आणि सात दिवसांत वापरा नाहीतर विसरा."

"मग निळी कोण घेतं?"

"जिथे लाल चालत नाही तिथे जाणारे." बाई हसल्या. "तुम्हाला कुठे जायचंय?"

आता कंपनीचं काम कुठे आहे हे चारचौघांत बोलायचं नाही, हा काटेवाल्यांचा जुना नियम. आज बोललात तर उद्या तिथे तुमच्या आधी दुसरा उभा. शून्यराव म्हणाला, "असंच. बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे? दुकानाबाहेरही बाहेरच असतं."

"बाहेर म्हणजे बाहेर हो."

"बरं बाबा. पायाखाली काय आहे ते सांगणार नाही आणि चप्पल कुठली घेऊ म्हणणार."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक चार्जर परत करायला आलं. बाईंनी दोरीला पेन बांधलेली एक जाड वही पुढे सरकवली. "परत का करताय ते स्वतःच्या हाताने लिहा. मी लिहिलं तर मीच खोटी पडते." शून्यरावाला ही रीत फार आवडली. मनातल्या मनात त्याने बाईंना शून्याचं प्रमाणपत्र देऊन टाकलं, आणि डबी न घेताच घरी आला.

दोन दिवस घरात डब्यांचाच विषय. किती डेटा, किती दिवस, बॅटरी किती तास टिकते. बायको वैतागली. "मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात, आणि या डबीला दोन दिवस?"

"तेव्हा घाई झाली," तो म्हणाला. बायकोने फेकलेली उशी थोडक्यात चुकली.

शेवटी तो भावजींकडे गेला. भावजी पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पडले होते. आठवडाभर पाठ धरली होती बिचाऱ्यांची, म्हणून तर खाणीवर शून्यरावाला एकट्याने जायचं होतं. बहीण चहा घेऊन आली. "दादा, साखर कमी टाकलीय, वहिनीने सांगितलंय."

"लालच घ्या," भावजी डोळे मिटून म्हणाले. "डोंगराकडे लालचाच टॉवर आहे. निळी म्हणजे नुसता पैशाचा चुराडा."

"नक्की?"

"दादा, मी तुम्हाला कधी चुकीचा कागद दिलाय?"

नव्हता दिला. शून्यराव तसाच उठला आणि लाल डबी घेऊन आला. घरी त्याने ती खोलीत लावून बघितली, जिन्यात बघितली, गच्चीवर बघितली. सगळीकडे रेंज भरलेली. पण स्वतःच दुनियेला सांगत फिरायचा की काटा जिथे उभा असेल तिथेच तपासायचा, कारखान्यात तपासलेल्या काट्याला काडीचीही किंमत नाही. हे त्याला त्या दिवशी आठवलं नाही. भावजींचा शब्द म्हणजे त्याच्या लेखी तपासणी होऊन गेलेली होती.

वीस तारखेला अकरा वाजता तो भाड्याच्या ट्रकमधून वजनं घेऊन खाणीवर पोहोचला. काटा तपासला. रिकामा, अर्ध्या भारावर, पूर्ण भारावर, तीन नोंदी. काम असं चोख की खाणीचा मुकादमही बघत उभा राहिला. दीड वाजता त्याने लॅपटॉप उघडला, लाल डबी शेजारी ठेवली आणि बटण दाबलं.

एकही रेघ नाही.

त्याने डबी खिडकीत ठेवली, ट्रकच्या टपावर ठेवली, बंद करून पुन्हा चालू केली. गेटवरचा रखवालदार मजा बघत होता. "साहेब, इथे लाल? तिच्यात टाचण्या ठेवा, तेवढाच उपयोग. इथे फक्त निळी चालते."

"तुमचा फोन दोन मिनिटं देता का? निळ्याचाच असेल ना?"

"निळ्याचाच आहे. पण कामाला आलेल्यांना फोन दिला तर नोकरी जाते. मागच्या वर्षी एकाची गेली." त्याचा आवाज उतरला. "नाहीतर दिला असता हो."

खाली उतरून रेंज मिळाली असती, पण मग जागेची नोंद काट्याजवळची राहिली नसती. शून्यराव चार वाजेपर्यंत डबी हातात धरून आवारात फिरला, देवाला दिवा ओवाळावा तशी ती चारही दिशांना दाखवत. चार वाजले. अर्ज भरायचं पान आपोआप बंद झालं. आयुष्यातली सगळ्यात बिनचूक तपासणी त्याच्याजवळ होती आणि ती द्यायला जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तो बाईंपुढे उभा. "ही डबी डोंगराकडे चालत नाही, हे सांगायला काय झालं होतं?"

"डोंगराकडे?" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुम्ही तर बाहेर जाणार होतात. डोंगर म्हणाला असतात तर मी लाल काचेवर काढलीच नसती. गेल्याच आठवड्यात एकाने त्याच कारणासाठी परत केली." आणि दोरीचं पेन झटकून त्यांनी वही पुढे केली. "तुम्हीही लिहा. त्याच्याच खाली."

शून्यरावाने पेन उचललं आणि वरची नोंद वाचली.

'डोंगराकडच्या खाणीवर लाल डबीला अजिबात रेंज येत नाही. निळी बदलून हवी.' तारीख तेरा.

सहीपर्यंत जावंच लागलं नाही. उजवीकडे कललेलं ते अक्षर तो अठरा वर्षं वाचत आला होता. तेरा तारखेला पाठ धरलेला माणूस डोंगरावर जाऊन आला होता. आणि त्यानंतर तीन दिवसांनी डोळे मिटून म्हणाला होता, लालच घ्या.

"ओळखीचे आहेत का?" बाईंनी विचारलं.

"घरचे आहेत," तो म्हणाला. लिहिलं काहीच नाही. डबी खिशात टाकून बाहेर पडला.

संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. भावजी पिशवी लावून पडलेलेच होते. भांडायचं नाही, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. त्याला येत होतं तेच करायचं. तीन नोंदी घ्यायच्या.

"पाठ कशी आहे? या दिवसांत कुठे बाहेर गेला नव्हतात ना?"

"छे हो. या खाटेवरून संडासापर्यंत, एवढाच प्रवास."

"लालचा टॉवर आहे म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"एक ड्रायव्हर म्हणाला होता. का, चालली नाही? अरेरे."

"तुम्ही स्वतः अशी डबी कधी वापरली नसेल, नाही?"

"मला कशाला लागते दादा? मी कागदाचा माणूस."

रिकामा, अर्धा, पूर्ण. तिन्ही नोंदी खोट्या, आणि आवाज कुठे एवढासाही थरथरला नाही. काटा इतका बिघडलेला असला की शून्यराव मालकाला म्हणायचा, याची दुरुस्ती नाही. इथे म्हणवेना.

बहीण दारात उभी होती. पदराला हात पुसत म्हणाली, "जाऊ दे ना दादा, जिवाला किती लावून घेशील? शेवटी काम घरातच राहिलं ना."

भावजींनी झटकन तिच्याकडे बघितलं.

काम कुणाला मिळालं हे शून्यरावाला कुठे माहीत होतं? कंपनीने अजून निकाल जाहीरच केला नव्हता. म्हणजे ज्याला मिळालं त्यालाच ठाऊक. भावजींची नवी फर्म, निळी डबी, स्वतःचा वेगळा दिवस. आणि बहिणीला सगळं माहीत होतं. चहात साखर कमी टाकत होती तेव्हाही.

तो खाली उतरला. खोली उघडली. पन्नासातली पंचवीस आपली, एवढा हिशेब त्याला पुरेसा होता. पहिलं वजन उचलून तो दारापर्यंत आला तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. भावजी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत आले, त्याच्या हातातलं वीस किलोचं वजन त्यांनी हिसकावून घेतलं आणि कमरेत वाकून परत रांगेत नेऊन ठेवलं.

"हे कुठे नेताय? मला सोमवारी लागणार आहेत!"

"पाठ बरी झाली," शून्यराव म्हणाला.

भावजी तसेच वाकलेले राहिले. पिशवीचा पट्टा कमरेवरून सुटून खाली लोंबत होता.

बहीणही मागोमाग आली होती. शून्यरावाने तिच्याकडे बघितलं. लहानपणी हिला शाळेत सोडताना हिचं दप्तर तोच उचलायचा. ती आता काहीतरी बोलेल, नवऱ्याला नाही तर निदान 'दादा' म्हणून हाक तरी मारेल, म्हणून तो थांबला.

"पण वजनांची पावती यांच्या नावावर आहे ना?" ती म्हणाली. नवऱ्याकडे बघत, त्याच्याकडे नाही.

होती. कागद भावजीच बघायचे.

त्याने किल्ली खिशातून काढली आणि पहिल्या वजनावर ठेवली. रस्त्यावर आला तेव्हा दिवे लागत होते. कोपऱ्यावर पोहोचतो तोच फोन वाजला. बायको होती.

"काय म्हणाले भावजी?"

"पाठ बरी आहे त्यांची."

"आणि ती?"

तो उभा राहिला. एका हाताने खिशातली लाल डबी चाचपत.

"हॅलो? अहो, हॅलो? रेंज नाही का तिथे?"

"आहे," तो म्हणाला. "इथे पूर्ण रेंज आहे."