वेदिकाचं गाऱ्हाणं

सोनूबाई गेल्याचं मला देवळात कळलं. जानेवारीतला मंगळवार होता. गावातल्या शिवाने नवा टेम्पो घेतला होता, त्याच्यासाठी मी केदारलिंगासमोर गाऱ्हाणं घालत होतो. आमच्या गावात हे काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. हातात नारळ धरायचा, देवाला मोठ्याने हाक मारायची, कोणाला काय हवंय ते सांगायचं. प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय महाराजा' म्हणतात. टेम्पोचं सगळं सांगून झालं, नारळ फोडला आणि फोन वाजला. बायको आठ दिवस रत्नागिरीला दवाखान्यात होती. मुलगा म्हणाला, "बाबा, आई गेली."

त्यानंतर मी देवाशी बोललो नाही. देवळात गेलो तरी मागे उभा राहायचो.

शिमग्याला मुलगा आणि सून मथुरा मुंबईहून आले. बरोबर सहा वर्षांची वेदिका. दुसऱ्या दिवशी केदारलिंगाची पालखी आमच्या घरी येणार होती. दारासमोरच्या खळ्यात ढोल वाजणार, माणसं पालखी खांद्यावर घेऊन नाचवणार, हे कळल्यापासून पोरगी एका जागी बसायला तयार नव्हती. डोक्यावर उशी घेऊन घरभर पालखी नाचवत होती. शेवटी मथुरेने तिला माझ्याजवळ झोपायला पाठवलं.

"आजोबा, देवाचं म्हणा."

"तू म्हण."

"आजी फोनवर आधी सांगायची, मग मी म्हणायची."

"आजीचं मला येत नाही गो."

"मग देवळात तुम्ही करता काय?"

मी काय करायचो ते सांगितलं. ती ताडकन उठून उभी राहिली. "ते घाला! आत्ता!"

"नारळ लागतो त्याला."

तिने उशी माझ्या हातात दिली. "हा घ्या."

मला नको होतं. पण ती गादीवर हात जोडून उभी, डोळे मिटलेले आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "बा देवा केदारलिंगा..."

"व्हय महाराजा!" ती एवढ्याने ओरडली की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं.

"थांब. अजून काही मागितलं नाही."

"मग मागा लवकर!"

"ही तुझी लेकरं मुंबईहून आली हायत. त्यांना सुखरूप ठेव महाराजा."

"व्हय महाराजा!"

कुंपणाच्या गडग्यापलीकडून शेजारच्या दादूचा आवाज आला, "व्हय महाराजा! काय रं काशीराम, रातचा गाऱ्हाना? नारल एकटाच खाणार काय?"

वेदिका हसून हसून गादीवर लोळली. मथुरा धावत आली. "बाबा, झोपवायला दिली होती तिला!"

"मम्मी, तूपण म्हण ना!"

मग मथुराही म्हणायला लागली. माझा आवाज आपोआप चढला. मुलाची कंबर, आंब्याचा मोहोर, दादूची गाभण गाय, आठवेल ते मागत गेलो. दादू पलीकडून साथ देत होता.

"आता मी," वेदिका म्हणाली. "बा देवा महाराजा, माझा दात हलतोय. तो उद्या पालखीच्या वेळी पडू नये."

"व्हय महाराजा!"

"आणि आजी तिकडे नवीन आहे. रात्री तिचे पाय दुखतात. कोणालातरी चेपायला सांग."

मी उशी खाली ठेवली.

"आजोबा, म्हणा ना. देवाला ऐकू नाही आलं का?"

"आलं असेल."

"मग?"

"उद्या पालखीसमोर मीच सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

ती लगेच झोपली. मला मात्र सकाळ कधी होते असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ढोल वळणावर आला. वेदिका बापाच्या खांद्यावरून "आली, आली!" ओरडत होती. पालखी खळ्यात टेकली. दादूने काही न विचारता नारळ माझ्या हातात दिला. मी घसा खाकरला आणि हाक मारली. घराचं सांगितलं, गुरांचं सांगितलं, मुंबईच्या लेकरांचं सांगितलं. सगळ्यांच्या आधी वेदिकाचा 'व्हय महाराजा' ऐकू येत होता. पुढे सोनूबाईचं नाव तोंडाशी आलं. तिथे थांबलो आणि नारळ फोडला. लोकांनी पालखी उचलली. या अडुसष्टाव्या वर्षी मीही खांदा दिला, दोन फेरे नाचलो, धोतर सुटायला आलं तरी नाचलो.

पालखी दादूच्या घराकडे निघाली. वेदिका खाली उतरून माझ्याकडे धावत आली.

"आजोबा, आजीचं सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"जमलं नाही गो."

तिने माझा हात धरला आणि पालखीमागे ओढायला लागली. दादूच्या खळ्यात देव अजून एकदा टेकणार होता. आम्ही दोघं पळत निघालो.

आजीचं सांगायचं राहिलंय.