खेळात गुंतली की

एकाच आईच्या पोटी तुफान आणि मुंगी कशी जन्माला आली, हे मला कळलेलं नाही. तुफान थोरला. तान्हा असल्यापासून तो कुणाच्याही कडेवर जायचा, मग दूधवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस. धाकट्या मुंगीला नवं माणूस दिसलं की ती आईच्या मानेत तोंड खुपसायची. नवं झबलं घालायचं तरी आधी तिची मनधरणी करावी लागे. मी त्यांची आत्या. माझा भाऊ म्हणायचा, पोरं इथून तिथून सारखीच. तो टायर बदलायचं काम करतो, त्याला तसं वाटणारच.

वहिनी कपड्यांच्या कारखान्यात बाह्या शिवते. भोंगा झाला की फाटक बंद, आणि उशीर होत राहिला की कामावरून नारळ. गल्लीच्या टोकाला एका मावशींचं पाळणाघर आहे. तिथली रीत सगळ्या आयांना तोंडपाठ होती: पोर खेळात गुंतलं की हळूच सटकायचं, मागे वळून बघायचं नाही. तुफानच्या वेळी ही रीत झकास चालली. आई गेल्याचा त्याला पत्ताही नसायचा, उलट संध्याकाळी ती न्यायला आली की स्वारी रुसायची.

मुंगी दीड वर्षाची झाल्यावर तिलाही तिथेच ठेवलं. पहिल्या दिवशी ती बराच वेळ आईचा पदर सोडेना. मावशींनी लाकडी ठोकळे पुढे केले तेव्हा कुठे ती खाली बसली. एकावर एक ठोकळा ठेवला आणि आईला दाखवायला वळली, तर दारात कुणी नव्हतं. त्या दिवशी ती उलटी होईपर्यंत रडली.

मी वहिनीला म्हटलं, रडली तर रडू दे, पण तिला सांगून जा.

"ताई, सांगायला गेले की पायाला मिठी मारते," वहिनी म्हणाली. "भोंगा थांबतो का माझ्यासाठी?"

वेळेची धास्ती मलाही ठाऊक होती. मी स्वतः पहाटे उठून इस्पितळाच्या चादरी धुवायला जाते. भावाने नेहमीप्रमाणे होईल सवय म्हणून विषय संपवला.

आणि सवय झाली. काही आठवड्यांनी मावशींनी कौतुकाने सांगितलं, पोर रुळली, हूं नाही की चूं नाही. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

मग एकदा मी तिला आणायला गेले. बाकीची पोरं धुडगूस घालत होती. मुंगी चपलांच्या फळीजवळ भिंतीला पाठ लावून बसली होती, तोंड दाराकडे. ठोकळे तिच्या मांडीत होते, पण तिने एकालाही हात लावला नव्हता. घरीही ती खेळत नाही, नुसती आईवर नजर ठेवून असते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. वहिनीला सांगितलं तर तिने मान खाली घातली. तिला ते आधीच कळलं होतं.

सुट्टीच्या दिवशी वहिनीने घरात तसेच ठोकळे आणले आणि जमिनीवर फतकल मारून बसली. स्वयंपाक मी सांभाळते म्हटलं. वहिनीने मनोरा रचला, पाडला, पुन्हा रचला. मुंगी लांबून बघत होती. बऱ्याच वेळाने ती सरकत जवळ आली आणि तिने एक ठोकळा अलगद वर ठेवला. वहिनीने हसून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मुंगी उठली. दाराजवळ गेली, आईच्या चपला एक एक करून ओढत आणल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या. मग खुंटीखाली पडलेली आईची डब्याची पिशवी आणली. ती रडत नव्हती.

"मी कुठेही जात नाहीये गं," वहिनी म्हणाली. "आज आई घरीच आहे."

मुंगीने शहाण्यासारखी मान हलवली. मग भिंतीला पाठ लावून दाराकडे बघत बसली.