महाराज समाधीत आहेत

आमचे महाराज गेले ते सकाळच्या वर्गात, श्वास रोखून बसलेले असताना. श्वास आत घेतला, कुंभक सुरू झाला, आणि सोडायची खूण करणारं त्यांचं बोट काही वर झालं नाही. गुरूंच्या आधी श्वास सोडायचा नाही, हा आश्रमाचा नियम. त्यामुळे आडवे झाले ते शिष्य. महाराज ताठ बसून राहिले.

आम्हाला पाणी मारून उठवलं. महाराजांना कोणी हात लावला नाही. व्यवस्थापक त्रिभुवनजी म्हणाले, "समाधी लागलीय. आवाज नको."

डॉक्टरला का बोलवत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "त्याला नाडी सापडणार नाही आणि तो गैरसमज करून घेईल."

मग मी गुपचूप महाराजांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. दुपारी सतेश्वरीदीदी टिहरीहून बसने ऋषिकेशला आली. भावाला बघताच हंबरडा फोडायला तिने तोंड उघडलं, तोच त्रिभुवनजी आडवे आले.

"दीदी, रडायचं नाही. प्राण विचलित होतो. परत आले नाहीत तर तुमच्या माथी येईल."

"अहो, भैजी गेलाय माझा."

"तसं दिसतं खरं. त्या अवस्थेत तसंच दिसतं."

"डोळ्यावर माशी बसलीय त्याच्या."

"आणि पापणीसुद्धा हलत नाही. काय संयम आहे."

दीदीला माझ्या शेजारी बसवून अनुलोम-विलोम करायला लावलं. हुंदका आला की तिने नाकपुडी बदलायची.

"आई गेली तेव्हा हाच मला म्हणाला होता," ती हळूच बोलली, "भुली, धाकटे, पोटभर रड, मी दार लावून घेतो."

"दीदी, डावी," त्रिभुवनजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि वास सुटला. आम्हा सगळ्यांचा कुंभक त्या दिवशी फार सुधारला. संध्याकाळी त्रिभुवनजी नाकाला उपरणं लावून आले.

"महाराजांनी परत न यायचं ठरवलेलं दिसतं. दीदी, आता रडा. अगदी मोकळेपणाने."

आम्ही माना फिरवल्या. खाली गंगेत राफ्टिंगवाले ओरडत गेले.

"येत नाही हो," दीदी म्हणाली.

"प्रयत्न करा."

"काल येत होतं."

संन्याशाला जाळत नाहीत. गोठ्यामागे खड्डा खणून महाराजांना बसतं ठेवलं आणि सगळ्यांनी वरून मीठ घातलं. दीदीनेही ओंजळभर घातलं, हात पदराला पुसले आणि टिहरीची शेवटची बस कितीची, ते मला विचारलं.